डेअरीच्या वळणावरचं गाणं

आई गेल्यानंतर वर्षभरानं बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आयर्लंडला आले. तीन महिन्यांचा व्हिसा होता. आम्ही डंडॉकच्या बाहेर, उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळ एका लहान गावात राहतो. मी डंडॉकमध्ये, ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या एका कंपनीत नियमपालनाच्या विभागात आहे. म्हणजे लोक नियम पाळतात की नाही ते बघायचं. नवरा आठवड्यातले काही दिवस डब्लिनला, सँडीफोर्डच्या ऑफिसात जातो. आधी ट्रेन, मग लुआस म्हणजे तिथली ट्राम, मग चालत. त्यामुळे दिवसभर घरात बाबा एकटे.

मी त्यांच्यासाठी टीव्हीवर मराठी वाहिन्यांची सोय केली होती, टॅबलेटमध्ये भजनं भरून ठेवली होती. त्यांनी त्यातलं काही लावलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत आधीच्या भाडेकरूनं सोडून दिलेला एक रेडिओ होता. त्यावर एकच स्टेशन नीट लागायचं. बाबांनी ते लावलं आणि पुन्हा त्या बटणाला हात लावला नाही.

ते आमच्या भागाचं स्थानिक स्टेशन. त्यावर सकाळी गुरांचे भाव सांगतात, रस्ते कुठे बंद आहेत ते सांगतात, आणि मग त्या दिवशी कोण कोण वारलं ते वाचून दाखवतात. नाव, गाव, पार्थिव कुठे ठेवलंय, भेटायला कधी यायचं, फुलं आणू नयेत. हे सगळं हवामान सांगावं तशा आवाजात. ते संपलं की लगेच गाणी.

"चांगलं स्टेशन आहे," बाबा म्हणाले. "आधी गेलेल्यांचं उरकून घेतात, मग गाणी लावतात. आपल्याकडं पेपरात सगळं वाचून झालं की आतल्या पानावर कळतंय."

गाणी सगळी कंट्री. कंट्री म्हणजे मुळात अमेरिकेतलं संगीत, पण इथल्या खेड्यापाड्यांनी ते इतकं आपलंसं केलंय की हे बाहेरून आलंय असं कुणाला सांगितलं तर वाईट वाटेल. गाण्यांत ट्रॅक्टर असतो, आई असते, सोडून आलेलं गाव असतं आणि सोडून गेलेली बाई असते. यातल्या निदान दोन गोष्टी तरी प्रत्येक गाण्यात असतातच. इथल्या आठ वर्षांत मी ही गाणी दुकानात, टॅक्सीत, दाताच्या डॉक्टरकडे ऐकली होती, पण त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

बाबांनी दिलं. दुसऱ्या आठवड्यात मी संध्याकाळी घरी आले तर ते कांदा चिरता चिरता थांबले आणि सुरी वर धरून म्हणाले, "हे ऐक. मागनं कोण रडालंय, कळतंय का?"

"गिटार असेल कुठलीतरी."

"कुठलीतरी न्हवं. स्टील गिटार. आपल्याकडं हवाईयन म्हणायचे. प्रत्येक गाण्यात आहे बघ."

बाबा कोल्हापुरात एका सहकारी बँकेत होते. पण त्याआधी आणि नोकरी लागल्यावरही काही वर्षं ते एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात, तारा जरा उंच उचललेल्या असतात, आणि डाव्या हातात लोखंडाची एक गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवतात. त्यानं सूर एका जागी उभा राहत नाही, माणसाच्या आवाजासारखा घसरत जातो. गणपतीत, लग्नांत, गॅदरिंगमध्ये बाबांनी ती खूप वाजवली. मग की-बोर्ड आले आणि एकाच माणसाच्या बोटांत सगळी वाद्यं मावायला लागली. ऑर्केस्ट्रा मोडला.

घरात मात्र त्यांनी ती कधीच वाजवली नाही. आईला तो आवाज सोसायचा नाही. "दिवेलागणीला हे रडगाणं नको घरात," असं ती म्हणायची, आणि दिवेलागण तिच्या हिशेबानं दुपारी चहानंतर सुरू व्हायची. तरी जुन्या पडद्याच्या कापडाची खोळ तिनंच त्या गिटारीला शिवून दिली होती. त्या खोळीतली गिटार कपाटावर असायची. मी तिला कपाटाचाच भाग समजत होते. बाबांना वाजवताना मी एकदाही ऐकलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या घरात साठी ओलांडलेले एक गृहस्थ एकटेच राहतात. लग्न केलेलं नाही. घरं गरम ठेवायला लागणारं तेल टँकरमधून दारोदार पोचवणं हा त्यांचा धंदा, आणि रविवारी गावोगावच्या हॉटेलांत, पबांत गाणं ही हौस. आवाज चांगला आहे. जाड, थोडा फाटलेला, पण सुरात. टँकर धुताना ते मोठ्यानं गातात आणि टँकर बराच मोठा आहे.

बाबांची आणि त्यांची ओळख आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या झुडपांवरून झाली. बाबांचं इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहारातलं. शेजाऱ्यांचं इंग्रजी सीमेवरचं, अर्धे शब्द गिळलेलं. दोघांनाही एकमेकांचं निम्म्याहून जास्त कळत नसावं, पण दोघंही समोरच्याला सगळं कळतंय असं धरून बोलायचे.

एक दिवस बाबा मला म्हणाले, "जावईबापू रेडिओवर कधी गेले होते?"

"कोण म्हणालं?"

"हे शेजारचे. म्हणाले, युअर मॅन काल रेडिओवर फार छान गायला."

इथे 'युअर मॅन' म्हणजे 'तुमच्या घरचा माणूस' नव्हे, नुसतं 'तो अमका, तो माणूस'. कुणाही पुरुषाला म्हणतात. हे मी बाबांना समजावून सांगितलं. नवरा बाजूलाच बसला होता. त्याला थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

त्याच शनिवारी शेजारी टँकर धूत एक गाणं म्हणत होते. रेडिओवर कधी न ऐकलेलं. बाबा बागेत जाऊन झुडपांपाशी उभे राहिले. गाणं संपल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते मराठीत आणायचं तर असं होतं: "आपले गायन उत्तम आहे. तथापि त्यात स्टील गिटारची उणीव भासते, हे नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो."

शेजाऱ्यांनी पाण्याचा पाइप बंद केला. "उणीव आहेच," ते म्हणाले. "माझा स्टीलवाला मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेला. परत येईल असं वाटत नाही."

"मी वाजवतो," बाबा म्हणाले.

मी कपडे वाळत घालत होते. माझ्या हातातून चिमटा पडला.

शेजाऱ्यांकडे साधी गिटार होती. बाबांनी ती मागून घेतली, तारांच्या वरच्या टोकाखाली एका पेन्सिलीचा तुकडा सरकवून तारा उंच केल्या, सूर आपल्या पद्धतीनं लावले. कांडी नव्हती. मग दोघं शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये गेले आणि पान्यांच्या पेटीतला एक लांब सॉकेट घेऊन आले, नट काढायला पान्यावर चढवतात तो, चकचकीत पोलादी. बाबांनी तो पुसला, हातात फिरवून बघितला आणि टँकरच्या पायरीवर बसून तारेवर टेकवला.

पहिले काही सूर भयंकर होते. शेजाऱ्यांचं कुत्रं उठून घरात गेलं. मग बाबांनी मान थोडी वाकडी केली, डोळे मिटले, आणि तो आवाज एकदम जागेवर आला. मी चिमटे घेऊन तशीच उभी होते. सत्तरीतला माझा बाप दुसऱ्याच्या टँकरवर बसून काहीतरी अतिशय नाजूक करत होता आणि ते त्याला येतं हे मला माहीत नव्हतं.

"ग्रँड," शेजारी म्हणाले. इथे चहाला, हवेला आणि ऑपरेशन नीट झाल्यालाही ग्रँडच म्हणतात. त्यामुळे त्यांना नक्की काय वाटलं ते कळलं नाही. पण ते आत गेले आणि चहाचे तीन मग घेऊन आले.

गाणं त्यांचं स्वतःचं होतं. टँकर चालवता चालवता कित्येक वर्षं जुळवलेलं. आता तेवढं एकच गाणं रेकॉर्ड करून ते रेडिओला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. नावाचं मराठी केलं तर 'डेअरीच्या वळणावर' असं होईल. एक मुलगी लाल गाडीतून निघून जाते, दूध डेअरीपाशी रस्ता वळतो, तो दारात उभा राहून बघतो आणि ती एकदाही मागे वळून बघत नाही. शेवटच्या कडव्यात डेअरी बंद पडलेली असते, आणि तो अजून उभाच असतो.

मी बाबांना अर्थ सांगितला. बाबांना फारसं सांगावं लागलं नाही. दूध संघाच्या गाड्या ज्या वळणावर उभ्या राहतात, तिथून कुणी जाणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला कळतं.

"खरं आहे का हे?" बाबांनी मला विचारलं.

"गाणं आहे, बाबा."

"ते गाणं आहे ते कळालंय मला. बाई खरी आहे का, ते विचारालोय."

मी शेजाऱ्यांना विचारलं नाही. आठ वर्षांत आम्ही हवामान, कचऱ्याचे डबे आणि तेल याखेरीज काही बोललो नव्हतो.

अडचण निघाली ती स्टुडिओची. स्टुडिओ म्हणजे एका शेतघरामागची शेड, आमच्या गावापासून गाडीनं अगदी जवळ, पण सीमेच्या पलीकडे. पलीकडे उत्तर आयर्लंड, म्हणजे वेगळा देश. सीमेवर ना फाटक, ना चौकी, ना माणूस. रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटर सोडून मैल दाखवायला लागल्या की देश बदलला असं समजायचं. पण बाबांचा व्हिसा फक्त अलीकडचा होता.

"कोण बघतंय?" शेजारी म्हणाले.

"मी बघते," मी म्हणाले. माझं कामच ते आहे.

बाबांनी माझ्या बाजूनं मान हलवली. बँकेत आयुष्य गेलेलं. शेजाऱ्यांनी थोडा वेळ आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, की मग रेकॉर्डिंगवालाच इकडे येईल, घरात करू, तुमच्या हॉट प्रेसशेजारची खोली बरी आहे, भिंती जाड आहेत.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "गरम इस्त्रीचं काय म्हणालेत? इस्त्रीजवळ बसून वाजवायचं?"

इथे प्रेस म्हणजे कपाट, आणि गरम पाण्याच्या टाकीजवळचं कपडे उबदार ठेवायचं कपाट म्हणजे हॉट प्रेस. हे ऐकून बाबा निर्धास्त झाले.

शनिवारी सकाळी रेकॉर्डिंगवाला आला. धिप्पाड, जवळजवळ मुका माणूस. लॅपटॉप, दोन माइक, वायरींचं भेंडोळं. त्यानं आमच्या घरातल्या सगळ्या रजया मागितल्या आणि खोलीच्या भिंतींना टांगल्या. फ्रिज बंद करायला लावला. नवऱ्याला वर बसून हलू नकोस असं सांगितलं. नवरा ऑफिसच्या कॉलवरही इतका स्थिर नसतो.

बाकीची वाद्यं आणि शेजाऱ्यांचा आवाज आधीच भरून झाला होता. बाबांनी कानांना हेडफोन लावून फक्त स्टीलची जागा भरायची होती. दोन कडव्यांच्या मधली आणि शेवटची. मी दारात बसले, दुभाषी म्हणून. दुभाष्याला काही काम पडलं नाही.

पहिल्यांदा बाबांनी फार वाजवलं. रेकॉर्डिंगवाल्यानं मान हलवली आणि हाताचा तळवा खाली दाबला, कमी कर. दुसऱ्यांदाही जास्त झालं. तिसऱ्यांदा बाबांनी सुरुवातीला काहीच वाजवलं नाही. गाणं चाललंय, त्यांचा हात तारेच्या वर थांबलेला. मग अगदी उशिरा, आता राहिलंच म्हणेपर्यंत, त्यांनी एकच सूर खालून उचलला आणि वर नेऊन तिथं जरा कापरा धरला. तेवढंच. मग दुसरा, उतरता.

रेकॉर्डिंगवाल्यानं हेडफोन काढले. "झालं," तो म्हणाला. माइक चालू केल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

तो रजया काढत होता तेव्हा मी बाबांना पाणी दिलं. विचारावं की नाही कळेना, पण विचारलं. "आईची आठवण झाली का?"

"व्हय," बाबा म्हणाले. "पहिल्या दोन वेळेला लई वाजवत हुतो न्हवं का मी. तुझी आई असती तर आतनं ओरडली असती, पुरे आता. मग पुरे केलं."

ते पाणी प्यायले, मग त्यांनी भांडं स्वतः विसळून ठेवलं आणि फ्रिज चालू केला. मी हॉट प्रेसमध्ये तोंड घालून टॉवेलांच्या घड्या करत राहिले. घड्या आधीच होत्या.

गाणं पुढच्या महिन्यात रेडिओवर लागलं. मृत्यूच्या बातम्या संपल्या आणि लगेच ते. निवेदकानं शेजाऱ्यांचं नाव घेतलं आणि 'स्टील गिटारवर भारतातले एक पाहुणे' असं म्हटलं. बाबांनी गॅस बंद केला, उभं राहून ऐकलं, मग गॅस लावला. कोल्हापूरला आत्याला फोन करून सांगितलं, "रेडिओवर लागलो." ती म्हणाली, "जेवलास का?"

गावात मात्र चर्चा झाली. दुकानात मला सगळ्यांनी थांबवून विचारलं, वडील बरे आहेत ना. त्यांच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी होतं, ते मला कळत नव्हतं. जणू गाण्यातली बाई कोण हे सगळ्यांना माहीत होतं आणि मी ते विचारते की काय अशी त्यांना भीती होती.

मग बाबांना खोकला झाला. चार दिवसांत जाईना, म्हणून मी त्यांना गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे काचेच्या खिडकीमागे एक बाई बसतात. साठीच्या, आखूड केसांच्या, कडक. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते आणि त्या आजवर एकदाही माझ्याशी हसलेल्या नाहीत. त्यांनी बाबांचं नाव टाइप केलं, मग हात थांबवला.

"गिटार तुम्ही वाजवलीत?"

बाबा म्हणाले, होय.

"छान वाजवलीत." त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग आवाज न बदलता म्हणाल्या, "गाडी लाल नव्हती. तपकिरी होती. तपकिरीशी काही जुळलं नसेल त्याला."

मला आत्ता कुठे कळलं. बाबांना माझ्या आधी कळलं होतं. ते काउंटरला हात टेकून नीट उभे राहिले होते.

"आणि म्हणे मी मागे वळून बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "ते वळण तुम्ही पाहिलंय ना? तिथं मागे वळून बघितलं तर माणूस सरळ चरात जातो. मी आरशात बघितलं होतं. हा दारात नव्हताच. आत निघून गेला होता." त्यांनी एक बटण दाबलं. "बसा. डॉक्टर बोलावतील."

आम्ही बसलो. बाबांचा खोकला तेवढा वेळ थांबला होता.

घरी येताना मी गाडीत म्हणाले, "बाबा, हे आपल्यातच ठेवायचं. शेजाऱ्यांना सांगायचं नाही. आपला संबंध नाही."

"संबंध कसा नाही? गाण्यात मी आहे की."

"तुम्ही गिटार वाजवलीत."

"चुकीच्या माहितीवर वाजवली," बाबा म्हणाले.

मी गाडी लावून पिशव्या आत नेईपर्यंत ते झुडपांपाशी पोचले होते. शेजारी पानं गोळा करत होते. मी धावत गेले, पण बाबांचं वाक्य सुरू झालं होतं आणि बाबांचं इंग्रजी वाक्य एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही. "कळविण्यात येते की, संबंधित महिलेने आरशात पाहिले होते. त्या वेळी आपण जागेवर उपस्थित नव्हता."

शेजाऱ्यांनी खराट्यावर दोन्ही हात ठेवले.  मी माफी मागायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या दंडाला हात लावला.

"नव्हतो," शेजारी शेवटी म्हणाले. "आई आतून हाक मारत होती. पाऊस येत होता, कपडे बाहेर होते." ते पानांकडे बघत होते. "ती बर्मिंगहॅमला निघाली होती. मला चल म्हणाली होती. आईला कोण बघणार होतं? मी कपडे आणायला आत गेलो. बाहेर आलो तर रस्ता रिकामा." मग त्यांनी विचारलं, "आरशात बघितलं म्हणाली?"

"होय," बाबा म्हणाले.

"गाण्यात ते बसणार नाही आता," शेजारी म्हणाले आणि पुन्हा पानं ओढायला लागले.

त्या बाई बर्मिंगहॅमहून बारा-तेरा वर्षांनी परत आल्या होत्या, लग्न होऊन. नवरा शाळामास्तर, आता निवृत्त. तेव्हापासून त्या आणि शेजारी दोन गावं सोडून राहत होते, एकाच चर्चला, एकाच दुकानात, एकाच डॉक्टरकडे जात होते, आणि भेटल्यावर एकमेकांना हवामान सांगत होते. हे मला नंतर दुकानातल्या बाईंनी सांगितलं. मला कळलंय हे समजल्यावर त्यांना फार मोकळं वाटलं.

पुढच्या आठवड्यात रेडिओवर फर्माइशींच्या कार्यक्रमात 'डेअरीच्या वळणावर' लागलं. फर्माइश होती एका निवृत्त शाळामास्तरांची, आपल्या पत्नीसाठी, लग्नाच्या वाढदिवसानिमित्त. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे.

"त्याला माहीत नसेल?" मी म्हणाले.

"सगळ्या गावाला माहीत आहे आणि त्यालाच नसेल होय?" बाबा म्हणाले. "मोठा माणूस आहे तो."

बाबा परत जायच्या आधीच्या रविवारी डंडॉकच्या एका हॉटेलात दुपारचा नाच होता. इथे साठी-सत्तरीची जोडपी रविवारी दुपारी छान कपडे करून येतात आणि कंट्री गाण्यांवर नाचतात. मध्ये चहा आणि सँडविचेस. शेजारी गाणार होते आणि बाबा गिटारीवर. माझ्या लग्नातला सूट बाबांनी का कोण जाणे सोबत आणला होता. तो त्यांनी घातला. पाय टेकायला नवऱ्यानं त्यांच्या खुर्चीसमोर एक क्रेट ठेवला.

त्या बाई आणि मास्तर कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. मास्तरांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, काठी खुर्चीला टेकवलेली. बाईंनी हिरवा झगा घातला होता. डॉक्टरांच्या खिडकीमागे त्यांना कमरेखालचं शरीर असतं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

'डेअरीच्या वळणावर' सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि मधली गिटारीची जागा आली. तेवढ्यात मास्तर उठले. काठी घेऊन सावकाश स्टेजपाशी गेले, शेजाऱ्यांच्या पँटला खालून हात लावला आणि काहीतरी म्हणाले. शेजाऱ्यांनी माइककडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी मान हलवली, जावा.

शेजारी स्टेजवरून उतरले. बाई उठून आल्या. आणि दोघं नाचले. फार चांगले नाचले असं नाही. शेजारी थोडे आखडलेले होते आणि बाई पायांकडे बघत होत्या. बाबांची जागा संपली तेव्हा ते दोघं दालनाच्या पार त्या टोकाला होते. म्हणून बाबांनी ती पुन्हा पहिल्यापासून घेतली. ड्रमवाल्यानं त्यांच्याकडे वळून बघितलं. बाबांनी बघितलं नाही. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा त्यांनी मधले सगळे नखरे काढून टाकले आणि नुसते लांब, सरळ सूर ठेवले. मी स्टेजच्या बाजूला उभी होते. नवऱ्यानं माझा हात धरला. आम्ही नाचत वगैरे नाही, पण आमचाही पाय हलत होता.

मग शेजारी परत स्टेजवर आले आणि शेवटचं कडवं गायले. शब्द तेच होते.

घरी जाताना ते आमच्या गाडीत होते.  गाव जवळ आल्यावर बाबांनी, सरळ मराठीत, मागे वळून विचारलं, "काय म्हणाल्या?"

शेजाऱ्यांना ते बरोबर कळलं. "तेल संपत आलंय म्हणाली. आजवर डंडॉकच्या दुसऱ्या कंपनीकडून घेत होती. गुरुवारी टाकी भरून द्यायला सांगितलंय."

"आणि?"

"आणि काही नाही. कुत्र्याला बांधून ठेवीन म्हणाली."

गुरुवारी ते टँकर धुऊन गेले. त्या दिवशी धुताना गायले नाहीत. दुपारी परत आले तेव्हा बाबांनी झुडपांवरून भुवया उंचावल्या. "टाकी गंजलीये," शेजारी म्हणाले. "मास्तरला काही बघता येत नाही. पुढच्या आठवड्यात बदलून देतो."

बाबा कोल्हापूरला परत गेले त्याला आता दीड वर्ष झालं. शेजाऱ्यांनी मध्ये दुसरं गाणं काढलं. त्यात सगळं चांगलं होतं: ऊन, जत्रा, नवे बूट. बाबांनी त्यांचा भाग कोल्हापूरहून फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, त्या रेकॉर्डिंगवाल्यानं काढून टाकल्या. गाणं रेडिओवर दोनदा लागलं. चाललं नाही.

मी फोनवर बाबांना तसं सांगितलं.

"व्हय, मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. "त्यांना सांग, घाई करू नका. पहिलं गाणं जुळायला किती वर्षं गेली हुती." मग त्यांना जायचं होतं. आत्याच्या सोसायटीत कुणाच्यातरी साठीचा कार्यक्रम होता, आणि तिथल्या लोकांनी बाबांना गिटारीसाठी अर्धा तास दिला होता.